दुसऱ्या गटात माझी मावशी होती

ही बातमी मी आजवर कुणालाच दिलेली नाही. पेपराला नाही, बायकोला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांनाही नाही. बावीस वर्षं बातम्या देण्यावर माझं पोट आहे आणि एवढी एकच माझ्याकडे पडून राहिली. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं जात नाहीये.

आधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. 'दोन गटांत वाद' — हे शब्द तुम्ही शेकडो वेळा वाचले असतील. गावात तणाव झाला की बातमीत कुठल्याही समाजाचं नाव लिहायचं नाही, गट म्हणायचं. चांगली रीत आहे. नव्या वार्ताहरांना मी स्वतः ती शिकवतो. नाव न छापल्यामुळे पेटायची राहिलेली गावं मी पाहिली आहेत. तेव्हा माझा राग त्या रीतीवर नाही.

माझा राग कशावर आहे, तर तीन वर्षांपूर्वी मी एक बातमी लिहिली, त्यात दोन गट होते — आणि त्यातल्या पहिल्या गटात अकरा तरुण होते. मोजायची सवय आहे, म्हणून मोजले होते. दुसऱ्या गटात कोण होतं? अडुसष्ट वर्षांची एक निवृत्त परिचारिका. उंची पाच फुटांच्या आत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. बस. एवढाच गट.

ती माझी मावशी.

हेही अजून खरं सांगणं नव्हे. हा फक्त त्याचा उंबरा आहे.

मी लातूरला असतो, एका दैनिकात. माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, आडनाव तेच राहिलं. कार्यालयात लोकांनी आपापल्या सोयीनं माझ्याबद्दल समजूत करून घेतली आणि मी ती दुरुस्त केली नाही. दसऱ्याला यंत्राची पूजा होते, मी गंध लावून घेतो. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, आजही नाही. नाताळला मात्र मी 'गावी काम आहे' असं लिहून रजा घेतो. खोटं बोललो का? नाही. काम असतंच. अशी वाक्यं रचण्यात माझा हात बसलेला आहे.

मावशी राहते औशाच्या पुढं, सोलापूर रस्त्यावरून आत गेल्यावर एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. या वेळी तरी त्याचं कारण भीती नाही. त्या गल्लीत माणसं राहतात आणि त्यांना अजून एकमेकांशेजारीच राहायचं आहे. मावशीची नोकरी सगळी नांदेड जिल्ह्यात झाली. एकदा एका रुग्णाच्या कागदावर तिला वेळ बदलून लिहायला सांगितली होती. रुग्ण दगावला होता आणि डॉक्टर उशिरा आले होते. तिनं लिहिली नाही. त्यापायी तिची बदली माहूरच्या डोंगरात झाली. दीड वर्ष ती तिथं राहिली, आणि या गोष्टीचा उच्चार तिनं माझ्यापुढं एकदाच केला, तोही मी पत्रकारितेत जायचं ठरवलं त्या दिवशी. "कागदावर खोटं चढलं की बाळा, ते पुसायला माणूस मिळत नाही," म्हणाली. हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

सुट्टीला ती मावसाजींच्या गावी यायचीच, निवृत्तीनंतर तिथंच राहायला आली. मावसाजी वारलेले. गल्लीत ख्रिस्ती असं तिचं एकटीचंच घर. शेजारी शिवकांताबाई — लिंगायत, नवऱ्याचं किराणा दुकान, गावाबाहेर चार एकर रान. पलीकडं मराठ्यांची घरं. या माणसांत मावशी कशी राहिली, तर कुणाला ताप आला की हिला हाक, कुणाचे दिवस भरले की हिला हाक. नाताळला तिच्या घरून गल्लीत एकूणएक घरी फराळाचं ताट जातं. ते ताट रिकामं परत येत नाही. आणि नाताळाच्या आगेमागे येळवस येते. लातूरकडं मार्गशीर्ष अमावस्येला गावंच्या गावं रानात जेवायला जातात. त्या दिवशी शिवकांताबाईंच्या रानात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं मावशीची जागा ठरलेली. भज्जी, उंडे, आंबील. देव कुणाचा, हे तिथं कुणी विचारत नाही. दोघींनाही एकमेकींचा देव ठाऊक असतो.

दर शुक्रवारी संध्याकाळी मावशीच्या घरी प्रार्थना असायची. चारदोन गाणी, एक डफ, शास्त्रातला म्हणजे बायबलमधला एखादा भाग, मग आजाऱ्यांची नावं घ्यायची. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या परीक्षेसाठी. नावं घेऊन झाली की ती त्याच लोकांना दम द्यायची — उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जायचं, नुसतं डोळे मिटून बसायचं नाही. प्रार्थना चालू असताना दार सताड उघडं ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, थंडीत दार का उघडं? म्हणाली, आत काय चाललंय असं कुणाला वाटायला नको. दिसू दे सगळ्यांना.

तर त्या दारातून ते अकरा जण आत आले.

नोव्हेंबरचा शेवट होता, साडेपाच वाजले होते. आम्ही नऊ जण होतो. मी दाराजवळ सतरंजीवर बसलो होतो, चपला बाहेर, डोळे मिटलेले. मी बातमीला आलो नव्हतो. मी प्रार्थनेला आलो होतो. माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली होती, तपासणीचा निकाल सोमवारी येणार होता, आणि मावशी नेमकं माझ्या बायकोचं नाव घेत होती. हे मुद्दाम सांगतोय. तिचं वाक्य पुरं झालं नाही.

मोबाइल वर धरूनच ते आत आले. बाटवाबाटवी चाललीय, बंद करा, असा गलका. एकानं डफावर पाय दिला, चामडं फाटलं. एकानं शास्त्र उचलून बाहेर भिरकावलं. मावशी ते आणायला उठली तेव्हा कुणीतरी तिला मागं ढकललं. कुणीतरी? मी पुन्हा तेच करतोय. मी त्याला पाहिलं. तो गल्लीतल्या तिसऱ्या घरातला. तिचं मनगट चौकटीवर आपटलं, आवाज आला.

आणि त्याच्यासमोर उठलं कोण? शिवकांताबाई. सत्तरीची बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, कमरेवर हात.

"कामून आलाव रं? मला कोन बाटवलं? ह्ये बघ, लिंग हाय गळ्यात. सोमवारी देवळात जाती, शुक्रवारी हितं बसती. तुझ्या बापाला विचारून बसू काय?"

"आजी, तुम्ही बाजूला व्हा. तुम्हाला कळंना गेलंय."

"मला कळंना? तू पोटात आडवा झाल्तास, तवा हिनंच तुझ्या मायला जीपात घालून लातूरला नेलं. तवा न्हाई बाटलास ते!"

मागचे दोघंतिघं हसले. खरं सांगतो, त्या क्षणी सगळं निवळलं असतं. आणखी एकानं उठायला हवं होतं. आणखी एकानं — बाईच्या घरच्या माणसानं — म्हणायला हवं होतं की ही माझी मावशी आहे, आम्ही प्रार्थना करत होतो, तुझं नाव काय, बस इथं.

गल्लीबाहेरच्या एकाचा मोबाइल माझ्याकडं वळला. "तुम्ही कोन?"

मी खिशातून ओळखपत्र काढलं. म्हणालो, "प्रेस. बातमीसाठी आलोय. माझा यांच्याशी संबंध नाही."

संबंध नाही. एवढं म्हणायची गरज तरी होती का? 'प्रेस' म्हटल्यावर मोबाइल खाली झालाच होता. पुढचे शब्द मला कुणी मागितले नव्हते. ते मी वरून घातले.

पोलीस ठाण्यातून जमादार आले तेव्हा पहिला जबाब माझा झाला, कारण मी पेपरवाला. मी सांगितलं की मी गलका ऐकून नंतर पोहोचलो, ढकलताना कुणाला पाहिलं नाही, शाब्दिक चकमक झाल्याचं दिसलं. शिवकांताबाईंनी नाव घेऊन सांगितलं, बोट दाखवून सांगितलं. त्यावर त्यांना ऐकवण्यात आलं की आजी, पत्रकार साहेब म्हणतात तसं काही झालं नाही, तुम्ही शेजारधर्मापोटी बोलायलात. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्या मला पंधरा वर्षं ओळखतात. माझ्या लग्नात त्यांनी ओटी भरलीय. मी कोण ते त्या सांगणारच होत्या, पण मावशीनं त्यांचा पदर धरला होता. चांगल्या हातानं.

गुन्हा दाखल झाला नाही. दुसऱ्या दिवशी मावशीकडून मात्र हमीपत्र घेतलं — शांतता राहावी म्हणून घरात लोक जमवणार नाही. ऐकताय ना? जिच्या घरात अकरा जण घुसले, तिच्याकडून शांततेची हमी. जे घुसले त्यांना चहा पाजून, समज देऊन घरी पाठवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. चाळीस वर्षं रुग्णांचे कागद लिहिलेल्या बाईचा अंगठा!

आणि मी बातमी लिहिली. 'गैरसमजातून दोन गटांत वाद, सामोपचाराने मिटला.' शंभर शब्दांच्या आत. 'घरगुती कार्यक्रमावरून', 'किरकोळ धक्काबुक्की', 'ज्येष्ठांच्या मध्यस्थीने'. एकही शब्द न्यायालयात खोटा ठरवता येणार नाही. संपादकांनी कौतुक केलं — जबाबदारीनं लिहिलंस म्हणाले. मनगटाचं हाड मोडलं होतं, ते 'किरकोळ'मध्ये बसवलं. शिवकांताबाई कुठल्याच शब्दात बसल्या नाहीत, म्हणून त्यांना गाळलं. त्या बातमीत आल्या असत्या तर दोन गट उरलेच नसते. मग वाचणाऱ्यानं विचारलं असतं, नेमकं काय झालं. आणि मग — हे सांगणारा तू कोण?

सोमवारी निकाल आला. बायकोची गाठ साधी निघाली. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "मी घेतलं होतं हं नाव, नंतर एकटीनं. अर्धं राहिलं होतं ना."

तिनं विचारलं असतं तर — नको. असं काही विचारू नये म्हणूनच मी फोन लवकर ठेवला.

त्या नाताळला तिला पोळपाट धरता येत नव्हता. गल्लीतल्या सहा बायका तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि करंज्या करून गेल्या. कुणाची मुरड जमत नव्हती त्यावरून हशा चालला होता. मावशी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. ताटं वाटायचं काम माझ्याकडं आलं. आठ घरं झाली. नववं ताट तिनं स्वतः भरलं, डाव्या हातानं, दोन अनारसे जास्त घातले आणि म्हणाली, "हे तिसऱ्या घरी."

मी म्हणालो, मावशी, तिथं नको.

"तिथंच. मी भांडण ठेवलं तर त्यांच्या घरच्या बाळंतपणाला मला हाक कोण मारील?"

तुम्ही याला भाबडेपणा म्हणाल. मीही म्हणत होतो. आता म्हणत नाही. तिला सगळं दिसत होतं. तिच्या मनगटाला तर रोज दिसत होतं. तिनं माफ केलं ते नावगाव माहीत असताना, कोणी ढकललं हे माहीत असताना. आम्ही ज्याला सामोपचार म्हटलं त्यात नावच नव्हतं. तिनं जे केलं त्याला माणूस लागतो. मी जे केलं त्याला फक्त गट लागले.

तिसऱ्या घरी त्या तरुणाची आई दारात आली. ताट घेतलं, आत गेली, शेंगदाण्याच्या पोळ्या भरून ताट परत दिलं. पदरानं डोळे पुसले की तोंड, कळलं नाही. मग म्हणाली, "लई बोलत होते लोक. पर पेपरात बघितलं आमी. काय बी झालं न्हाई असंच आलंय की. पेपरात कशाला खोटं देतील?"

मी पोळ्यांचं ताट घेऊन गल्लीतून चालत आलो. वीस पावलं.

पुढं जानेवारीत गावात सलोख्याचा कार्यक्रम झाला. मावशीचा सत्कार. शाल, श्रीफळ. सहनशीलतेबद्दल! व्यासपीठावर कोण कोण होतं ते लिहीत नाही, पण खुर्च्या मांडायला ते अकराही होते. भाषणात कुणीतरी म्हणालं, असा समंजसपणा सगळ्यांनी शिकावा. सगळ्यांनी? शिकायचं नेहमी मार खाल्लेल्यानंच का? घुसणाऱ्याला कधी व्यासपीठावरून कुणी समंजसपणा शिकवल्याचं मी बावीस वर्षांत कव्हर केलेलं नाही. मला संताप आला. बसलो तिथं वही घेऊन आणि संताप येत राहिला. मग मी त्याचंही वृत्त दिलं — 'सलोख्याचा आदर्श'. फोटोसकट, तीन कॉलम. फोटोत मावशीच्या खांद्यावर शाल आहे, शालीखाली प्लास्टर आहे, ते दिसत नाही. मीच तसा काढायला लावला.

ती बातमी तिनं चष्मा लावून दोनदा वाचली. "छान लिहिलंस," म्हणाली. मग म्हणाली, "शुक्रवारचं नाही का रे घातलं? प्रार्थना बंद झाली ते?"

मी म्हणालो, जागा नव्हती.

आता ते सांगतो, जे अजून सांगितलेलं नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या शुक्रवारी माझा जबाब लिहून झाल्यावर जमादारांना काहीतरी खटकलं असावं. बाहेर चपलांचे नऊच जोड होते, त्यात एक माझा, इतर चपलांच्या खाली दबलेला. नंतर आलेल्याचा जोड खाली कसा? त्यांनी मावशीकडं वळून विचारलं, "बाई, हे कोन तुमचे?"

मी तिच्याकडं पाहिलं. मी मान हलवली — किंचित, नाही अशी. कुणाला दिसलं नसेल. तिला दिसलं.

एका कागदावरची वेळ बदलायला नकार देऊन जी माहूरला गेली, ती माझी मावशी मोडलेलं मनगट छातीशी धरून म्हणाली, "कुणी नाहीत. पेपरवाले साहेब आहेत. बातमीला आलेत."

मला साहेब म्हणाली.

तिच्या आयुष्यातलं मला माहीत असलेलं हे एकमेव खोटं. ते तिनं पोलिसांपुढं, आपल्याच घरात, नुकतीच प्रार्थना मोडलेली असताना सांगितलं, आणि ते माझ्यासाठी होतं. मी नाकारलं हा एक भाग झाला. ती गोष्ट आमच्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणणारा बायबलातला एक शिष्य आम्हाला लहानपणीच शिकवतात. पण तो बाहेर जाऊन रडला. मी बाहेर जाऊन बातमी लिहिली. आणि त्यानं निदान आपलं खोटं दुसऱ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

यंदाच्या येळवशीला शिवकांताबाईंच्या रानात होतो. हरभऱ्यात पाय बुडवून माणसं जेवत होती. लातूरहून आलेले त्यांचे कुणी व्याही माझ्या पंगतीला होते. त्यांनी सहज विचारलं, हे पाव्हणे कोण? मावशी माझ्या शेजारीच बसली होती. तिचं मनगट अजून पुरतं वळत नाही, ती डाव्या हातानं उंडा मोडत होती. ती थांबली. मीही थांबलो.

शिवकांताबाईंनी माझ्या पत्रावळीवर भज्जीचा डाव उपडा केला आणि म्हणाल्या, "पेपरवाले हायत. बातमीला आलेत. वाढा त्येंला, लई लांबून येत्यात."

व्याही हसले. मी खाली बघून जेवलो.

ते हमीपत्र अजून ठाण्यात आहे. शुक्रवारी संध्याकाळी मावशी आतून कडी लावून एकटी बसते. माझा जबाबही तिथंच आहे, माझ्या सहीचा. हे लिहिणं म्हणजे तो बदलणं नव्हे. जबाब बदलायला ठाण्यात जावं लागतं. मी गेलेलो नाही.

पेपरात चूक छापली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची असते. तिला तीन वर्षं उशीर झाला. ती अशी :

औशाजवळच्या एका गावात नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस शुक्रवारी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास एका निवृत्त परिचारिकेच्या घरात प्रार्थना सुरू असताना अकरा तरुण घुसले. घरात त्या वेळी नऊ जण होते. तरुणांपैकी एकाने ढकलल्याने परिचारिकेच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. शेजारच्या एका लिंगायत महिलेने त्यांना अडवले. दोन गट नव्हते. गैरसमज नव्हता. काहीही मिटलेले नाही. परिचारिकेचा भाचा सुरुवातीपासून घरात उपस्थित होता. आपला या महिलेशी संबंध नसल्याचे त्याने सांगितले. भाच्याच्या या म्हणण्याला संबंधित महिलेने दुजोरा दिला.